निळे वाळे, पिवळे वाळे

"या वेळी चूक होणं शक्यच नाही!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

"हा प्रयोग फसला तर माझ्या दादाच्या टायरच्या दुकानात बसायचं," ती म्हणाली. "पीएचडीचं सातवं वर्ष चालू आहे तुमचं!"

प्रयोग तसा सरळ. कोंबडीच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या निरनिराळ्या पलटणी असतात. त्यातली एकच, बी-पेशींची पलटण, इंजेक्शनने नाहीशी करायची. बाकीच्यांच्या केसालाही धक्का लावायचा नाही. मग तिच्यावाचून कोंबडीचं काय अडतं ते बघायचं. चाळीस पिल्लं होती. निम्म्यांना इंजेक्शन, त्यांच्या पायात निळे वाळे. उरलेल्यांना पिवळे. सगळी एकाच पिंजऱ्यात.

पण पिल्लंच ती, वाढणारच! पाय जाड झाले, वाळे रुतायला लागले. मोठे घालायचे ठरले. जोडीला आमच्या लॅबमधला चिमटा होता. हा गडी बिस्किटसुद्धा चिमट्याने उचलतो.

"एकेकाचे काढ-घाल करत बसलो तर संध्याकाळ होईल," मी म्हणालो. "आधी सगळे जुने काढू, मग सगळे नवे घालू. डोकं वापरायला शिक जरा!"

"वा!" चिमटा म्हणाला.

शेवटचा वाळा कापून मी नव्यांची पिशवी फोडली, एक पिल्लू उचललं आणि विचारलं, "याला कुठला रे?"

चिमटा माझ्याकडे बघत राहिला. मी पिंजऱ्याकडे. चाळीस पिल्लं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!

"हे मलूल दिसतंय," चिमटा म्हणाला. "निळं असेल."

"झोपलंय ते, गाढवा!"

तेवढ्यात आमच्या गाइड मॅडम आल्या. "वाळे कुठे गेले?"

"पायांना जरा वारा लागावा म्हणून..."

मॅडमनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "सगळ्यांचं रक्त तपासा. ज्यांच्यात बी-पेशी नाहीत, ती निळी. एवढं तरी सुचावं माणसाला!"

देवासारख्या धावून आल्या! आम्ही रक्त काढायला बसलो. तीन पिल्लं कपाटाखाली पळाली, एक माझ्या कॉलरमध्ये शिरलं आणि तिथे त्याने नको तो कार्यक्रम उरकला. पण मी खूश होतो हो!

मॅडमनी निकाल पाहिला. "सगळ्यांत बी-पेशी आहेत. भरपूर."

"म्हणजे सगळी पिवळी?"

"म्हणजे तुझं इंजेक्शन कुणालाच लागू पडलं नाही! औषध ठेवलं कुठे होतंस?"

"फ्रिजमध्ये."

"फ्रिजमध्ये कुठे?"

"बर्फाच्या कप्प्यात," मी पुटपुटलो. "खराब होऊ नये म्हणून, जास्तीची काळजी..."

"गोठवू नका, असं बाटलीवर ठळक छापलंय!"

सात वर्षं पाण्यात! रडू आवरेना. चिमट्याने पाठीवर हात ठेवला. "एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "आता कुठलाही वाळा कुणालाही चालेल."

सध्या मी टायरच्या दुकानात असतो. पहिल्याच दिवशी मेहुण्याने गाडी चारही बाजूंनी जॅकवर चढवली, हातात पाना दिला आणि गिऱ्हाइकाशी बोलायला गेला. परत येऊन म्हणाला, "दाजी, सांगायचं राहिलं. पुढची-मागची चाकं आपापल्या जागीच बसली पाहिजेत. म्हणून एक काढायचं, बसवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा."

तोवर माझी चारही काढून झाली होती.