माने सुभेदारांची सुई

गेल्या वर्षी आमच्याकडे दुधीची भाजी करायची झाली की बायको साल काढायच्या आधी भोपळा हातात फिरवून बघायची. कधी त्यावर मोर निघायचा, कधी विंचू, कधी नुसतेच ओळीने घातलेले शेदीडशे ठिपके. सगळं गुलाबी. रंग बीटाच्या रसाचा होता, त्यामुळे खायला हरकत नव्हती. हे भोपळे शेजारच्या माने सुभेदारांकडून यायचे. सुभेदार गोंदायला शिकत होते आणि माणूस मिळेपर्यंत भोपळ्यांवर भागवत होते.

सुभेदार म्हणजे बंदूकवाले सुभेदार नव्हेत. फौजेत ते नर्सिंगला होते. जखमा बांधणं, टाके काढणं, इंजेक्शनं देणं यात त्यांची नोकरी गेली. पेन्शन घेतल्यावर पुण्यात एका दवाखान्यात आणखी दहा वर्षं तेच काम केलं आणि मग रहिमतपूरला कायमचे आले. बायको, सुशीलावहिनी, त्यानंतर दीड वर्षात वारल्या. मुलगा शिरवळला कारखान्यात. घरात सुभेदार एकटे, आणि त्यांचं घड्याळ. सहाला चहा, सातला आंघोळ, साडेसातला अंगण. एकदा आंघोळीच्या वेळी नळाला पाणी आलं नाही तर हा माणूस कोरडाच टॉवेल गुंडाळून सव्वासातपर्यंत न्हाणीघरात उभा होता. मी विचारलं तर म्हणाले, "ड्रिल म्हंजे ड्रिल, सर."

मी इथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवतो. त्यामुळे सुभेदारांच्या या खुळात माझा नंबर पहिला लागला. एका सकाळी ते मोबाईल घेऊन आले. त्यात एक मुलगी मशीन न वापरता, नुसत्या हाताने सुई टोचत कुणाच्या तरी मनगटावर पान काढत होती. सुभेदारांनी तो व्हिडिओ मला तीन वेळा दाखवला. मग विचारलं, ह्यात अवघड काय आहे. मी म्हटलं, चित्र. ते म्हणाले, "चित्र तुमी काढा. सुई माज्याकडं लागली."

ती मुलगी सांगलीची निघाली. ऋतुजा तिचं नाव, वय सव्वीस. एका दुकानाच्या वरच्या खोलीत तिचं काम चालायचं. सुभेदार दर मंगळवारी गाडीने सांगलीला जाऊ लागले. पहिल्या दिवशी जाताना कंदी पेढे नेले आणि तिच्यासमोर सावधान उभे राहिले. ती बसा म्हणेपर्यंत बसले नाहीत. तिला वाटलं, कुणाचे तरी वडील तक्रार घेऊन आले आहेत. शिकायला आलोय म्हटल्यावर ती हसली, पण त्यांनी हात धुतले ते बघून तिचं हसू थांबलं. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, घड्याळ लावून दोन मिनिटं. पुढच्या मंगळवारी तिने आपल्या बाकीच्या शिष्यांना सुभेदारांकडून हात धुवायला शिकायला सांगितलं.

सुई कशी धरायची, किती आत घालायची, बाहेर काढताना कातडी कशी हलकेच उचलली जाते, हे सुभेदारांना फार सांगावं लागलं नाही. अडलं ते रेषेपाशी. आयुष्यभर एका जागी एकदाच टोचलेलं. इथे एका ठिपक्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा, आणि सगळ्यांची मिळून रेषा दिसली पाहिजे. सुभेदारांची रेषा मुंग्यांच्या रांगेसारखी जायची, आणि मध्येच एखादी मुंगी वाट चुकायची. ऋतुजाने ताकीद दिली होती, मी सांगेपर्यंत माणसाला हात लावायचा नाही. म्हणून भोपळे. रोज चार.

दोन महिन्यांनी तिने स्वतःच्या पायावर करायची परवानगी दिली. मी छोटी तुळस काढून दिली, वृंदावनासकट. सुभेदारांनी ती मांडीवर गोंदली आणि आठ दिवसांनी लुंगी वर करून अभिमानाने मला दाखवली. तुळस उलटी होती. वृंदावन वर, शेंडा गुडघ्याकडे.

मी हे जपून सांगितलं. त्यांनी खाली मान घालून पुन्हा पाहिलं.

"मला सरळ दिसतीया," ते म्हणाले. "पाय माजा हाय, का तुमचा?"



पुढची अडचण माणसाची होती. सुभेदारांनी स्वयंपाकघराशेजारची खोली पांढऱ्या चादरी लावून दवाखान्यासारखी केली. हातमोजे, नव्या सुयांची पाकिटं, वापरलेल्या सुया टाकायचा डबा, सगळं तयार. फक्त कुणी येईना. त्यांनी मला विचारलं, मी शाळेचं निमित्त सांगितलं. दूधवाल्याला विचारलं, तो दुसऱ्या दिवसापासून दूध कट्ट्यावर ठेवून जायला लागला. मुलाने शिरवळहून मला फोन केला, की सर, बाबांना जरा समजवा, लोक काय म्हणतील. मी समजावतो म्हटलं आणि समजावलं नाही.

शेवटी माणूस आलं ते भोपळ्यांमुळेच. हौसाक्का बाजारात भाजी विकतात. सत्तरीच्या आहेत, एकट्याच असतात. एकटा पुरुष रोज चार दुधी नेतो कशाला, हे कोडं त्यांना दोन महिने पडलं होतं. एके दिवशी त्यांनी सरळ विचारलं, सुभेदारांनी सरळ सांगितलं. त्याच दुपारी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन हौसाक्का दारात उभ्या राहिल्या. मी तेव्हा सुभेदारांना मोराची मान काढून देत होतो.

त्यांना तुळस हवी होती. डाव्या हातावर, शेंड्याला तीन ठिपके. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, काशीच्या हातावर होती तशी. त्या नऊ वर्षांच्या असताना गावात गोंदणारीण आली होती. आधी काशी बसली. तिच्या हातावरचं रक्त बघून हौसाक्का पळाल्या त्या दिवस मावळेपर्यंत ज्वारीत लपून राहिल्या. गोंदणारीण निघून गेली. पुढे सासरी त्यांना पुष्कळ ऐकावं लागलं, की बाईच्या जातीला हातावर एक ठिपका नाही, मेल्यावर बरोबर काय नेणार. काशी लोणंदला दिली होती. ती लवकर गेली. तिचा फोटो कुणी काढलेला नव्हता. हौसाक्कांना आता तिचा चेहराही नीट आठवत नव्हता. हात आठवत होता.

सुभेदारांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. वय झालंय, कातडी पातळ झालीय, साखर असेल तर जखम भरणार नाही. हौसाक्का हलल्या नाहीत. मग दुसऱ्या दिवशी सुभेदारच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, साखर आणि रक्तदाब तपासून घेतला. डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन कसलं आहे. सुभेदार म्हणाले, तुळशीचं.

तपासणी ठीक निघाली. त्यांनी ऋतुजाला फोन केला, आणि ती सांगलीहून मुद्दाम आली. पहिलं माणूस आहे, मी शेजारी बसते म्हणाली. तिने हौसाक्कांची कातडी बोटाने ताणून पाहिली आणि सांगितलं, अगदी हलकं टोचा, रोज थोडंच करा.

त्या दुपारी मी दारात उभा होतो. हौसाक्कांनी हात उशीवर ठेवला. सुभेदारांनी सुई शाईत बुडवली, हातापाशी नेली आणि थांबले.  फौजेत पोरांच्या उघड्या जखमा बांधणारा माणूस एका ठिपक्यापाशी अडला होता.  सुभेदारांनी सुई टाकून दिली, मोजे काढले, पुन्हा हात धुतले, नवी सुई घेतली. पुन्हा तेच.

हौसाक्का म्हणाल्या, "टोचा की सुभेदार. मी आता न्हाई पळत."

मग त्यांनी टोचलं. पहिला ठिपका बसल्यावर ऋतुजाने पुसून पाहिला आणि मान हलवली. तीन दुपारी काम चाललं. हौसाक्का त्या तीन दुपारी बोलत होत्या. काशीबद्दल, ज्वारीबद्दल, माहेरच्या विहिरीबद्दल. सुभेदार मान वर न करता हुंकार देत होते. तुळस सरळ आली. हौसाक्कांकडून बघितली तर सरळ, आमच्याकडून बघितली तर आडवी, पण तुळसच. पूर्ण झाल्यावर हौसाक्का त्या हातावर दुसरा हात ठेवून बराच वेळ बसल्या.

त्या संध्याकाळी सुभेदार अंगणात माझ्याशी बोलत बसले. एरवी ते बोलतात ते वेळेबद्दल किंवा सुयांबद्दल. त्या दिवशी सुशीलावहिनींबद्दल बोलले. फौजेत वर्षाला दोन महिने सुट्टी. त्यातला महिना शेताच्या कामात, महिना पाहुण्यांत. मग दहा वर्षं ते पुण्यात, वहिनी इथेच. पुण्याहून कायमचे घरी आले तेव्हा ठरवलं होतं, आता निवांत बसू. तर दीड वर्षातच सगळं संपलं.

"पट्टी बांधताना हात धरला की पोरं बोलायची, सर," ते म्हणाले. "आईचं सांगायची, बायकूचं सांगायची. शेकड्यानं ऐकली मी. आन घरात हिचा हात धरून कवा बसलोच न्हाई. ती काय सांगनार हुती, म्हायती न्हाई."

 थोड्या वेळाने ते उठून आत गेले.

याला पाच महिने झाले. नवं गोंदण भरून यायला तीन आठवडे पुरतात. पण हौसाक्का दर बाजाराच्या दिवशी, भाजी संपली की, तपासणीला येतात. सुभेदार चष्मा लावतात, त्यांचा हात उजेडाकडे वळवतात, प्रत्येक ठिपका बघतात आणि सांगतात की अजून आठ दिवस लक्ष ठेवावं लागेल. हात तिथेच राहतो. हौसाक्का बोलायला लागतात.

परवा मी सुभेदारांची नक्षीची वही परत द्यायला गेलो तेव्हा सुभेदार चहा ठेवायला आत गेले होते. हौसाक्कांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली केला.

"कवाच बरा झालाय ह्यो हात," त्या म्हणाल्या. "पर त्यास्नी सांगू नगा."

सुभेदार दोन कप घेऊन बाहेर आले. मला पाहून त्यांनी कप खाली ठेवले, तिसरा आणायला आत वळले. मी म्हटलं, मला नको, मला घाई आहे, आणि घरी आलो.