आणखी थोडा स्वच्छ

कुठं थांबायचं हे मला कळतं. भाजीत मीठ किती, जावेशी भांडण किती, पाहुण्याला "राहा की" असा आग्रह किती, यात माझा हात धरणारं आमच्या कुळात कुणी झालं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. तीही मीच थांबवली, कारण पुढं शिकवायला जी बाई होती तिच्यापेक्षा मला जास्त कळत होतं.

म्हणूनच आमच्या श्रीहरीनं गाणी ऐकायचा सेट घरात आणला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलं, "आणलास तो आणलास. याला पिल्लं होता कामा नयेत."

श्रीहरी माझा मुलगा. महादेवपुऱ्याच्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो आणि येताजाता ट्रॅफिकमध्ये बसतो. बसून बसून माणसाला काहीतरी नाद लागायचाच, याला आवाजाचा लागला. आधी दोन स्पीकर आले. मग त्यांना ताकद द्यायला एक जड डबा आला, त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात. मग नुसता खालचा धुम्म आवाज काढायला गव्हाच्या कोठीएवढा तिसरा स्पीकर आला. मग वायर आली. वायर कसली, अंडी गिळून पडलेला अजगर. आमचा हेब्बाळचा फ्लॅट, हॉल एवढासा, दोन सोफे मांडले की तिसऱ्या माणसानं खेकड्यासारखं आडवं चालायचं. त्यात हे गोकुळ.

यजमानांची काही तक्रार नव्हती. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी उभे राहिले ते. त्यांना सगळे सेट सारखे, आणि माझं बोलणंही.

आता माझी कॅसेट. लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. तेव्हा आम्ही चिकपेटेत राहत होतो. आमच्यात दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, इथले कन्नड लोक गोंबे म्हणतात, आणि हळदीकुंकवाला बायका बघायला येतात. घरात नवी सून आली असेल तर तिनं त्या वर्षी बाहुल्यांसमोर बसून आमच्या घराण्याचं देवीचं गाणं म्हणायचं. एकवीस कडवी. हातात वही नाही, चिठोरं नाही. मी अठरा वर्षांची होते, पन्नास बायका बसल्या होत्या, आणि मी पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत घडघडा म्हटलं. यजमानांनी तेव्हा नवा टेपरेकॉर्डर घेतला होता, त्यावर भरून ठेवलं. कुणी मला एक अक्षर सांगितलं नाही. सासूबाई तर असल्या कडक की चौदा वर्षांत माझं कौतुक एकदाच केलं, तेही लोणच्याचं, आणि मग म्हणाल्या, मोहरी जास्त झालीय.

ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आले. कुणी किल्ली विसरलं, सांगितली. कुणी गॅस चालू ठेवून गेलं, सांगितली. सून स्मृती पुण्याची, इंजिनियर. तिला साखरपुड्यातच सांगितली आणि नंतर अधूनमधून, म्हणजे रोज.

या वर्षी स्मृतीचा पहिला दसरा. महिनाभर पोरगी गाणं पाठ करत होती. पाच कडवी छान म्हणायची आणि सहाव्याला घोडं उंबऱ्यात अडल्यासारखं अडायचं. शेवटी ती म्हणाली, मोबाइल हातात धरून म्हणते. मी म्हटलं, या घरात कुठल्या सुनेनं बघून गाणं म्हटलं नाही, मी तर नाहीच नाही. ती आवाज न चढवता म्हणाली, मग मी दसऱ्याला पुण्याला जाते. आणि खरोखरच माळ्यावरची बॅग काढून पलंगावर ठेवली.

पहिल्या दसऱ्याला सून घरात नाही! हेब्बाळपासून बसवनगुडीपर्यंत आमची माणसं पसरलेली, सगळ्यांच्या जिभांना वर्षभराचं काम झालं असतं. पण मीही काही कच्ची नाही. मी म्हटलं, हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्यांसमोर माझी कॅसेट लावते. पाठ म्हटलेलं गाणं कसं असतं ते ऐक, आणि तरी वाटलं तर घे मोबाइल, मी शब्द काढणार नाही. तिनं बॅग पलंगाखाली सरकवली. माळ्यावर नाही ठेवली, पलंगाखाली.

श्रीहरीनं जुना टेपरेकॉर्डर सेटला जोडून कॅसेट आधी घरातल्या घरात लावून बघितली. खरं सांगते, आधी नुसतं भजी तळल्यासारखं चर्र ऐकू आलं. मग त्या तेलातून वर यावा तसा एक आवाज आला. बारीक, कोवळा, जरा घाबरलेला. मी हातातलं वाटण तसंच धरून उभी राहिले. अठरा वर्षांची मी, आमच्या हॉलमध्ये. बोलायला गेले तर बोलताच येईना. असं माझं आयुष्यात फारसं झालेलं नाही, घरच्यांना विचारा.

"आणखी थोडा स्वच्छ होईल का रे?" एवढंच मी म्हटलं. त्या दिवसापासून पिल्लं घालायचं काम मी हातात घेतलं.

श्रीहरी म्हणाला, कॅसेट वाजवायचं यंत्रच चांगलं हवं. तो जुन्या सामानाच्या दुकानातून एक भारी यंत्र घेऊन आला. लावलं, तर माझ्या बांगड्या ऐकू आल्या! काचेच्या, डाव्या हातातल्या, कारण ताल मी डाव्या हातानं धरते. मी म्हटलं, आणखी थोडा. तो म्हणाला, खोली घुमते. मी भिंतींवर गोधड्या टांगल्या. आता चिकपेटेतलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करायला लागलं. मी म्हटलं, आणखी. तो म्हणाला, धुम्म आवाज आला की शोकेसमधली भांडी थरथरतात. मी रुखवतातली भांडी, चांदीचं सोडून, बाथरूममध्ये नेऊन ठेवली. एक सोफा स्वयंपाकघरात गेला. यजमान त्यावर बसून जेवायला लागले आणि म्हणाले, ही सोय आधीच का नाही केली. शेवटी बाहुल्यांच्या पायऱ्या आवाजाच्या वाटेत येत होत्या, त्याही दोन हात सरकवल्या. लाकडाचे राजा-राणी आता भिंतीकडं तोंड करून बसल्यासारखे दिसत होते.

श्रीहरीच दमला. "अम्मा, आता पुरे. याच्या पुढचा फरक कानाला कळत नाही."

"तुझ्या कानाला कळत नसेल," मी म्हटलं. "ती चर्रचर्र अजून आहे. आणि मधलं अकरावं कडवं येतच नाही, तिथं टेप झिजलीय. ते काढून दे."

त्याचा एक मित्र आहे, विश्वेश्वर, जुन्या कॅसेटी स्वच्छ करून देणं हाच त्याचा धंदा. त्याच्याकडून चर्रचर्र गाळून टाकणारा एक चपटा डबा आला, तोही अगदी हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी. आधी लावून बघायला वेळ नव्हता. मी म्हटलं, बघायचं काय त्यात, गाणं माझंच आहे.

चार वाजता बायका आल्या. वीसेक असतील. शेजारच्या हेमावती अक्का सगळ्यात पुढं बसल्या. त्या कन्नड, पण मराठी सगळं समजतं, आणि समजायला नको असतं तेही समजतं. स्मृती दाराशी उभी, हातात मोबाइल. मी पदर सारखा केला, माझी गोष्ट एकदा सगळ्यांना सांगितली आणि श्रीहरीला खूण केली.

काय सांगू तुम्हाला. चर्रचर्र नाहीच. त्या हॉलमध्ये चाळीस वर्षांपूर्वीची दुपार येऊन बसली. घड्याळ, बांगड्या, कुणीतरी नाक ओढलं ते, लांब रस्त्यावर सायकलची घंटी. आणि मधोमध माझा आवाज, गाण्याआधी घेतलेल्या श्वासासकट. बायकांचे हात कुंकवाच्या करंड्यावर तसेच राहिले. देवळात पडदा सरकताना होतं तसं झालं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या आधी कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "हळदीच्या…" आणि लगेच माझा आवाज, "हळदीच्या पावली आली गे माय." चौथ्याच्या आधी पुन्हा, "माणकांचा…" आणि मी, "माणकांचा झोपाळा."

हेमावती अक्का पुढं वाकल्या. "यारो हेळकोडता इद्दारे," त्या म्हणाल्या. म्हणजे कुणीतरी सांगून देतंय.

मला तो आवाज ओळखायला दुसरा शब्द लागला नाही. सासूबाई. जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि उजव्या बाजूच्या स्पीकरमध्ये माझ्या मागं बसलेल्या. प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द त्या देत होत्या, मी घेत होते. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, मी हे विसरून गेले होते. लबाडी नव्हती हो. चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली की ती तशीच घडली होती असं आपल्यालाच वाटायला लागतं.

मग अकरावं आलं. टेप कुठली झिजायला? तिथं माझा आवाजच नव्हता. मी पार अडले होते. नुसत्या माझ्या बांगड्या वाजत होत्या, आणि ते अख्खं कडवं सासूबाईंनी खालच्या सुरात म्हटलं, कुणाला कळू नये असं. वीस बायका माझ्याकडं बघत होत्या. मी बाहुल्यांकडं बघत होते. राजा-राणी भिंतीकडं.

गाणं संपलं तरी श्रीहरीला बंद करायचं भान राहिलं नाही. पुढं आजवर नुसती चर्रचर्र असायची, तिथं बोलणं निघालं. कुणी बाईनं विचारलं, कुणी शिकवलं गं तुला? माझा आवाज, केवढा तोरा त्यात, "कुणी नाही. माझं मीच." मला वाटलं, आता सासूबाई बोलणार आणि माझी उरलीसुरली मिजास उतरवणार.

"आमची सून आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "एकदा ऐकलं की तिला येतं."

असं त्या मला तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत.

खट्ट आवाज झाला आणि टेप थांबली. हॉलमध्ये इतकं शांत की स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर यजमानांचं डाळीची कोसंबरी चावणं ऐकू यावं. मी स्मृतीकडं बघितलं. शब्द दिला होता मी, आता मोबाइल घेऊन तिनं खुशाल म्हणावं, आणि वर चार शब्द मला ऐकवले असते तरी मला तोंड नव्हतं.

ती माझ्यापाशी आली. मोबाइल माझ्या हातात ठेवला. "आई, मागं बसाल ना?" एवढंच म्हणाली आणि बाहुल्यांसमोर मांडी घालून बसली.

मी मागं बसले. पाच कडवी सुरेख म्हटली पोरीनं. सहावंही पार पडलं, मी मनात देवीला हात जोडले, आणि सातव्याच्या दाराशी ती थांबली. तिची मान एक इंच माझ्याकडं वळली. मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. त्या दसऱ्यानंतर मी गोष्टच सांगत आले, गाणं पुन्हा म्हटलंच कुठं होतं? मोबाइलमध्ये बघितलं तर अक्षरं मुंग्यांसारखी, आणि चष्मा फ्रिजवर. बोट लागलं तिथं जो शब्द दिसला तो पदराआडून सांगितला. तिनं उचलला आणि एकदाही न अडखळता शेवटपर्यंत गेली. आरती झाली. हेमावती अक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, गाणं असावं तर असं, आटोपशीर. बॅग संध्याकाळी माळ्यावर गेली, मी स्वतः चढवली.

श्रीहरीनं तेही सगळं नव्या माइकवर भरून घेतलं होतं. कानाला यंत्र लावून ऐकत बसला होता, मला हाक मारली.

"अम्मा, छान आलंय. फक्त मध्ये कुणाची तरी कुजबुज आहे. डब्यातून गाळून टाकू? का आवाज वाढवू, म्हणजे शब्द नीट कळेल?"

"गाळू नकोस," मी म्हटलं. "वाढवूही नकोस. आहे तेवढंच राहू दे. आणि तो चपटा डबा उद्याच्या उद्या विश्वेश्वरला परत दे."

कारण सहाव्यानंतर मी तिला एकदम सोळावं सांगितलं होतं, आणि विसांतल्या एकीच्याही ते लक्षात आलेलं नाही.