सहावं बोट आणि नळाचं पाणी

स्वप्नात असताना ‘हे स्वप्न आहे’ असं ओळखायचं आणि मग मनाला येईल ते करायचं! ही विद्या महिनाभरात शिकून दाखवतो, असं मी बायकोला, उमाला, ठणकावून सांगितलं होतं. त्यासाठी उशाशी वही ठेवली. जाग आली की न हलता स्वप्न आठवायचं आणि लिहायचं. बावीस दिवसांत वहीत एकच ओळ झाली: ‘आज काहीतरी पिवळं होतं.’

"आता ती वही रद्दीत द्या," उमा म्हणाली.

मी हटलो नाय. दुसरा नियम धरला. जागेपणी सगळ्यावर संशय घ्यायचा. बोटं मोजायची, सहा भरली तर स्वप्न. घड्याळ दोनदा बघायचं, वेळ जुळली नाय तर स्वप्न. मुकुंदवाडीच्या रिक्षात मोजली, दाढी करताना मोजली. लोक माझ्यावरच संशय घ्यायला लागले.

शनिवारी दुपारी जरा पडलो होतो. दुसऱ्या दिवशी उमाच्या माहेरची अकरा माणसं जेवायला येणार होती, टाकीनं तळ गाठला होता आणि उमा बाजारात गेली होती. तेवढ्यात शेजारच्या अख्तरीचाचींनी हाक मारली, "व्यंकटराव, नळ आले, मोटार लावा जल्दी!"

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. हा तर पाचवाच दिवस. मला लगेच शंका आली. बोटं मोजली, पाच. तरी मन मानंना. मोबाईलात सव्वातीन, भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा. म्हणजे स्वप्नच!

मला भरून आलं. इतक्या दिवसांची मेहनत फळाला आली होती. स्वप्नात टाकी कोण भरतं? सहा बादल्यांची आंघोळ केली. पाइप लावून स्कूटर धुतली.

"अहो, मोटार लावा की," चाची म्हणाल्या.

"चाची, तुम्ही खऱ्या नाहीत," मी प्रेमानं समजावलं. त्यांनी आत जाऊन कडी लावून घेतली.

उमा आली तेव्हा नळ नुसता फुसफुसत होता.

"टाकी भरली?"

"उमा, तूपण स्वप्नातलीच आहेस."

तिनं दंडाला असा चिमटा काढला की सगळ्या शंका फिटल्या.

"पण ते घड्याळ?" मी दंड चोळत विचारलं.

"महिना झाला सांगतेय, त्याचा सेल संपलाय!"

पाहुण्यांचा स्वयंपाक चाचींच्या पाण्यावर झाला. कोणत्या तोंडानं मागितलं, ते विचारू नका. हंडे मीच वाहिले.

सोमवारी दुपारी पडलो होतो, तर नळाचा आवाज. बोटं मोजली. सहा. परत मोजली, सहाच. खरंखुरं स्वप्न! आता उडता आलं असतं, पाहिजे तिथं जाता आलं असतं.

मी पळत जाऊन मोटार लावली आणि टाकी भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो.