तौनो, डांबर आणि शनिवारची पाळी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, मी तिथेच होतो. म्हणजे सौनात, त्या गरम वाफेच्या खोलीत, नव्हतो, वरच्या मजल्यावर होतो. पण तौनोचा आवाज ऐकायला तेवढं अंतर काहीच नाही.

तौनोला खाज सुटली आणि त्याने ठरवलं, डॉक्टरकडे जायचं नाही. खाज कुठे, तर जिथे चारचौघांत हात नेता येत नाही आणि नेल्याशिवाय राहवतही नाही तिथे. आधी तो साबणावर चिडला, मग साबण बदलणाऱ्या बायकोवर, मग लोकरी चड्ड्या विणून धाडणाऱ्या सासूबाईंवर.

"दवाखान्यात फोन कर," बायको मिर्या म्हणाली.

"फोन घेणारी पोरगी विचारते, काय होतंय म्हणून."

"मग सांग."

"तिची आई माझ्या वर्गात होती."

"मग आईला सांग."

जीव अडकला होता तो शनिवारच्या पाळीत. तळघरातल्या सौनाची संध्याकाळी सातची पाळी मिळावी म्हणून तौनोने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. वाफेत खाज पेटायची, म्हणून लागोपाठ दोन शनिवार तो गेलाच नाही. वर्षात तिसरा चुकला की पाळी दुसऱ्याला, हा इमारतीचा नियम. आणि दुसरा म्हणजे शेजारचा रेयो. त्याची पाळी आठची, त्यात त्याची टीव्हीवरची आइस हॉकी बुडायची, म्हणून सातवर डोळा.

"त्या रेयोला मी बसू देणार नाही," तौनो गरजला आणि होडीला फासायच्या, पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबराचा डबा काढला. (या डांबराच्या खोकल्याच्या गोळ्या आपण चघळतो, याच्याच साबणाने डोकं धुतो; मग इथेच काय घोडं मारलंय, असा त्याचा हिशेब.) तिसऱ्या शनिवारी सातला भरपूर माखलं आणि पाय फाकत सौनातल्या वरच्या फळीवर जाऊन बसला.

आठ वाजता उठायला गेला, तर फळीही उठायला लागली.

दार उघडून, पंचा गुंडाळलेला रेयो आत आला. "तुझी वेळ संपली."

"मी चिकटलोय."

रेयोने शांतपणे वास घेतला. "डांबर? खाज होती का?"

तौनोचा चेहरा शेगडीवरच्या तापल्या दगडांपेक्षा लाल झाला. "होती."

"मलाही होती. बुरशी. डॉक्टरने मलम दिलं, गेली."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"अरे माणसा, दर नाताळात आपण इथे मांडीला मांडी लावून नागडे बसतो. गटारावर बोललास, छपरावर बोललास, हे तेवढं पोटात ठेवलंस?"

आरडाओरडा ऐकून मिर्याने स्वयंपाकाचं तेल आणलं. रेयोने ते ओतलं आणि दोघांनी तौनोला, फळीच्या दोन-चार कुसळांसकट, सोडवलं.

सोमवारी त्याने स्वतः फोन लावला आणि गेला. तरुण डॉक्टरीण हसेल म्हणून तो आधीच चिडून बसला होता. ती हसली नाही.

"साधी बुरशी आहे. मलम लावा, जागा कोरडी ठेवा, पोहून आलात की ओली चड्डी बदला."

"एवढंच? एवढ्यासाठी मी वसंतापासून जळतोय?"

"खाज बुरशीची. जळतंय ते डांबराने. आणि कातडी भरेपर्यंत सौना बंद."

पुढच्या शनिवारी सात वाजता सौनात रेयो बसला, फळीवरचा डांबराचा डाग टाळून. तौनो जिन्यात उभा राहून नियमांना शिव्या देत होता.

यात पदरचं एकच घातलंय: तौनोने स्वतः फोन लावला, हे. लावला मिर्याने. काय होतंय तेही तिनेच सांगितलं, सविस्तर, जिन्यात उभं राहून. कारण घरात तौनोच्या आरडाओरड्यात तिला काही ऐकू येत नव्हतं.