वानखेडे काका आणि नववं बेट

वानखेडे काका चालता चालता मध्येच थांबतात, पायाखालच्या विटांकडे बघतात आणि म्हणतात, "हद्द बदलली." मग पुढचं पाऊल टाकतात. त्या पावलाआधी ते लायडस्खेनडाम-फोरबर्ग नगरपालिकेत असतात, नंतर द हेगच्या. रस्ता तोच, झाडं तीच, मागून येणाऱ्या सायकलवाल्याची घंटीही तीच. पण हद्द ओलांडली की काकांना तोंडानं सांगावंच लागतं. ट्राममध्ये असले तर जरा मोठ्यानं सांगतात, सगळ्यांना कळावं म्हणून.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या प्रशांतचे वडील. काकू गेल्यावर प्रशांतनं त्यांना इकडे आणलं. विदर्भातल्या एका पंचायत समितीत त्यांची नोकरी झाली. त्यांना कुणी चुकून "तुम्ही बीडीओ होतात ना?" असं विचारलं, की ते शांतपणे सांगतात, "बीडीओ नाही बाप्पा. विस्तार अधिकारी, पंचायत. बीडीओ सही करते. वाचते ते विस्तार अधिकारी."

पहिल्या भेटीत मी "नमस्कार" म्हटलं. त्यांनी "जय भीम" म्हटलं आणि लगेच विचारलं, "तुमची ग्रामपंचायत कोणती?"

"मी पुण्याचा, काका. महापालिका."

त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. गोऱ्या शेजाऱ्यांनाही, प्रशांतला मध्ये घालून. प्रशांत म्हणतो, "बाबा, इथे असं विचारत नाहीत." काका म्हणतात, "मग ओळख कशी होते?"

या देशातलं त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल, तर पाण्याचं मंडळ. कालवे, बांध आणि पंप बघायला इथे नगरपालिकेपासून वेगळी संस्था आहे आणि तिची वेगळी निवडणूक होते, हे कळलं तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाण्याची वेगळी पंचायत! काऊन नाही सुचलं आपल्याला?"

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

काकांची नात सई दहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. शाळेत तिला एका देशावर बोलायचं होतं. तिनं तुवालू निवडला. प्रशांत महासागरातली नऊ छोटी बेटं, समुद्र वर येतोय, देश बुडेल की काय अशी भीती. सगळे त्या बुडण्याबद्दल हळहळत होते. काका तिच्या माहितीतला कारभाराचा तक्ता बघत होते. तिथे प्रत्येक बेटाला आपली पंचायत आहे आणि तिच्यावर जाणत्या माणसांची ग्रामसभा. म्हणजे आठ बेटांना आहे. नववं बेट नियुलाकिता, दक्षिणेच्या टोकाला. त्याचा कारभार नियुताओ बेटाकडे. आणि नियुताओ उत्तरेला!

"ओपा, इट्स सिंकिंग!" सई म्हणाली. आजोबांना ती इथल्या मुलांसारखं ओपा म्हणते.

"बुडंल तवा बुडंल," काका म्हणाले. "तवरिक दाखले कोण देईल?"

आठवडाभरानं ते माझ्याकडे आले. हातात टाचणी लावलेले अकरा फुलस्केप कागद. विषय: मौजे नियुलाकिता येथे स्वतंत्र ग्रामपंचायत स्थापन करणेबाबत. खाली संदर्भ, मग महोदय, मग उपरोक्त विषयास अनुसरून. लोकांनी साध्या दाखल्यासाठी अख्खा देश होडीनं ओलांडायचा का, असा रोखठोक सवाल पान चारवर.

"इंग्रजी करा आणि तिकडच्या सरकारला पाठवा भाऊ," काका म्हणाले. "प्रशांतले वेळ नाही."

वेळ मलाही नव्हता. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली. आपल्या नावानं असलं पत्र जायचं, या विचारानं. मी कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवले आणि ते तिथेच राहिले.

पुढच्या शनिवारी काकांनी विचारलं, "पोच आली?"

"नाही" म्हणायला किती वेळ लागतो? पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी म्हणालो, "आली."

"आली! तारीख?"

मी तारीखही सांगितली.

तिथून मग थांबता येईना. दोन आठवड्यांनी मी मोबाइलमध्ये बघून वाचल्यासारखं केलं: आपला प्रस्ताव विचाराधीन आहे. काका हरखले. "विचाराधीन! म्हणजे फाइल जिवंत आहे राजेहो." त्या दिवशी त्यांनी सईला आइस्क्रीम खाऊ घातलं. मग मी तिकडच्या साहेबांच्या नावानं शंका काढू लागलो. वॉर्ड किती असावेत? कार्यालयाची जागा कोणती? काका प्रत्येक शंकेवर आठवडाभर बसत आणि नकाशासकट उत्तर आणत. प्रशांत मला कालव्याकाठी भेटला तेव्हा म्हणाला, "काय जादू केलीस रे? बाबा जेवायला लागलेत नीट." त्यानं माझा हात हातात घेतला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

शेवटी मी ठरवलं, की हे एकदा गोड करून संपवायचं. शुक्रवारी काकांना सांगितलं, "प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता मिळाली."

मला वाटलं होतं, ते उड्या मारतील. ते नुसतं "हो का?" म्हणाले आणि घरी गेले.

रविवारी सकाळी दार वाजलं. काका एकटेच होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. हातात एकच कागद. विषय: प्रस्ताव मागे घेणेबाबत.

"आजच्या आज पाठवा," ते म्हणाले. "तत्त्वतः मान्यता झाली म्हणजे आता अधिसूचना निघंल. मंग आपल्या हातात काही नाही राहत."

"पण काका, तुमचीच मागणी ना ही?"

"चुकली माझी मागणी." ते खुर्चीत बसले. "सईनं पुढचं वाचून दाखवलं मले. ते नियुलाकिताचे लोक मुळात नियुताओचेच आहेत. तिथून इकडे येऊन राहिले. म्हणून कारभार तिकडे ठेवला. लांब पडते, पण गावच्या यादीत नाव तर आहे त्यायचं. मी वेगळी पंचायत मागून ते नाव उडवून राहिलो होतो."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"परवा पुतण्यानं गावच्या मतदार यादीचा फोटो धाडला," ते म्हणाले. "वॉर्ड दोन, पान बारा. प्रशांतची आई गेली तवा तिचं नाव कमी झालं. ते बरोबर आहे. आता माझंबी नाही. शेरा मारला, कायमचे स्थलांतरित." पुढे म्हणाले, "शेरा नियमानं आहे. मीच लोकायले शिकवला असा मारायले."

मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "दोन रात्री झोप नाही भाऊ. इतक्या लोकायचं गाव जाईल माझ्यापायी. तेवढं थांबवा."

तेव्हा मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही.

"काका, पत्र गेलंच नाही."

"कोणतं?"

"एकही नाही. पहिल्यापासून."

"मंग पोच?"

"ती मीच सांगितली."

"विचाराधीन?"

"मीच."

"वॉर्ड किती पाहिजे ते?"

"तेही मीच विचारलं."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं. आपण काय ऐकणार आहोत, याची मी मनात तयारी केली होती. काहीही चाललं असतं. खरं तर काहीतरी ऐकायला मिळावं असंच वाटत होतं.

"म्हणजे त्यायची नावं जागेवर आहेत," ते म्हणाले.

"आहेत."

"कोणी हात नाही लावला?"

"नाही काका."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि पाठ खुर्चीला टेकली. चुकीची लागलेली बटणं त्यांच्या आत्ता लक्षात आली. ती एकेक करून नीट लावत ते म्हणाले, "बरं केलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"आमच्या गावचे गुरुजी कामाले लई चोख," ते म्हणाले. "घरोघर फिरले, कोण आहे कोण नाही ते लिहिलं, मतदार यादी मुदतीत नेऊन दिली. चूक काहीच नाही त्यायची." शेवटचं बटण लागेना, म्हणून ते थोडे वाकले. "तिथं तुमच्यासारखा एखादा असता भाऊ, तर बरं झालं असतं."