धूर न्हाई तं दम न्हाई

"धूर न्हाई तं दम न्हाई," आदिनाथच्या ट्रॅक्टरच्या नळकांड्याकडं बघत काकासाहेबांनी निकाल दिला. "माझ्या रानात हा फुसका चालायचा न्हाई. सोमवारी दुसरा बोलवतो."

वाटूरमध्ये काकासाहेबांचं रान ज्यानं नांगरलं, त्याच्या मागं सगळा गाव येतो. त्यांनी ज्याला नाकारलं, त्याचा ट्रॅक्टर वऱ्हाडी नेण्यापुरता उरतो. आदिनाथच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मिस्त्रीकडं जाणं त्याच्या शानीत बसत नव्हतं. हातात पाना आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ असल्यावर माणूस कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यानं अंगणातच पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं. हात लागलाच आहे म्हणून, हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून इंजिनात हवा नेणारी रबरी नळीही काढली, पुसली आणि परत बसवली.

ट्रॅक्टर सुरू झाला आणि असा काळाकुट्ट धूर निघाला की समोरचा लिंब दिसेना. काकासाहेब असते तर खूश झाले असते. पण शेजारच्या केशरबाईंच्या गच्चीवर दोन्ही घरच्या कुरडया वाळत होत्या. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून घातलेलं ते पांढरंशुभ्र वाळवण बघता बघता काळं पडलं.

"आदिनाथा, मुडद्या!" केशरबाई गच्चीवरून ओरडल्या. "वर्षाची कमाई जाळली की रे!"

त्याची बायको दैवशाला मात्र त्या काळ्या कुरडया निवांत सुपात गोळा करायला लागली, आणि तिथंच आदिनाथला धडकी भरली. दुपारी ताटात तळलेली काळी कुरडई आली.

"अगं, काजळी हाय ही!"

"खा. धूर बंद होईस्तोवर रोज हेच."

"करतो बंद! पण मिस्त्रीला बिलकुल बोलवणार न्हाई!"

त्यानं स्क्रू होता तिथं आणला. धूर तसाच. हवेचा फिल्टर नवा टाकला. धूर तसाच. व्हिडिओतला माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, काळा धूर म्हणजे एक तर डिझेल जास्त, नाही तर हवा कमी.

"हवा कमी कशी पडंल?" आदिनाथ मोबाइलवर खेकसला. "आख्ख्या मराठवाड्याची हवा मोकळी पडली हाय!"

रविवार उजाडला, काळ्या कुरडईसह. संध्याकाळी त्यानं हाताचा अॅक्सिलरेटर ओढून इंजिन घुमवलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. पलीकडं दैवशाला काजळीच्या चादरी साबणाच्या पाण्यात घासत होती. वाळत घातलेल्या पहिल्याच चादरीवर धुराचा नवा लोट आला, आणि तिचा संयम सुटला. तिनं बादली उचलली आणि नवऱ्यावर भिरकावली.

आदिनाथ खाली वाकला. सगळा फेस त्या रबरी नळीवर पडला. नळीच्या तोंडाशी एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि मागोमाग बुडबुड्यांची रांगच लागली. दोघंही भांडण विसरून बघत राहिले.

"हे काय व्हऊन राह्यलं?"

"हवा! टर्बोची सगळी हवा इथूनच पळून राह्यली!" आदिनाथ ओरडला.

नळी आवळणारी पट्टी काठावर तिरकी बसली होती.

"पट्टी कोणी बसवल्ती?" दैवशालानं विचारलं.

आदिनाथनं आभाळाकडं पाहिलं. मग पट्टी सरळ करून आवळली. धूर गायब झाला आणि इंजिन मोकळ्या गळ्यानं गर्जायला लागलं.

सोमवारी उजाडताच, दुसरा ट्रॅक्टर यायच्या आत, कोणाला न विचारता, तो काकासाहेबांच्या रानात घुसला. "हाकललं तं हाकललं! पण नांगरून दाखवीन!" तो स्वतःशीच म्हणाला. दैवशाला भाकरी घेऊन आली, तेव्हा निम्मं रान पालथं झालं होतं. मागोमाग काकासाहेब तणतणत आले, पण नांगराच्या तासात हात घातला तर तो कोपरापर्यंत गेला. त्यांनी नळकांड्याकडं पाहिलं. धुराचा मागमूस नव्हता.

"राहिलेलंही तूच कर," ते म्हणाले. "मिस्त्री कोण गाठला?"

आदिनाथनं छाती फुगवली. "मीच."

काकासाहेब खो-खो हसले. "चेष्टा पुरे. खरं सांग."

"मी," दैवशाला भाकरीचं फडकं सोडत म्हणाली.

या वेळी काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंग उद्या आमच्याकडं ये, बाई. आमची जीप लई धूर मारून राह्यली. सून दारात उभी करू देईना."

आदिनाथनं तोंड उघडलं. दैवशालानं त्याच्या हातात भाकरी ठेवली.

"येते की," ती म्हणाली. "पाने द्यायला ह्यांना संगं आणते."