जनाकाकूचा फेटा

शेतात औत हाकायला निघाली की जनाकाकू मेलेल्या नवऱ्याचा फेटा बांधायची. लुगड्यावर फेटा! घाटंजीजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून नवाच आलो होतो. शेजारच्या दारातून ती अशी निघालेली पाहिली आणि माझ्या हातातला चहाच सांडला.

नवरा गेल्यावर काकूने स्वतः औत धरलं. बाईने औताला हात लावला तर पाऊस पळतो, म्हणून गाव खवळलं. दुसऱ्या दिवशी काकू फेटा चढवून हजर! पाऊस झाला, बैलही निमूट चालले. "फेट्यामुळं निभलं," गावाने निकाल दिला. डोक्याला कापड गुंडाळलं की बाईचा बाप्या होतो, हे मी एवढा शिकलो तरी मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बैल खरंच फसले, काकू?"

"बैलाले काय समजते, मास्तर?"

हे तिचं पालुपद. भाकरी करपली तरी हेच, माझी छत्री हरवली तरी हेच.

पोळ्याला मात्र पंचाईत. बैल तोरणाखाली न्यायला पुरुष हवा, ओवाळायला सवाष्ण. वर्षभर राबणारी काकू दोन्हीकडून बाद. ती पाटलांकडे गेली. म्हणाली, "फेटा बांधून येतो नं मी."

"फेटा चालते, बाई. तू नाई चालत."

काकू हट्टाला पेटली. तीन पोळे तिचे बैल सजून गोठ्यातच उभे राहिले. चौथ्या वर्षी मात्र बैलांचं तोंड बघवेना, म्हणून ती नमली. कासरा आणि फेटा दोन्ही दिराच्या हाती दिले.

दिराने ऐटीत फेटा बांधला, कासरा ओढला. बैल ढिम्म! चुचकारलं, शेपट्या पिळल्या, शिव्या घातल्या. शेवटी तोरणापलीकडे बायकांत उभी असलेली काकू हळूच म्हणाली, "चाला रे राजाहो."

बैल दिराला फरफटवत तोरणाखालून थेट तिच्यापुढे येऊन थांबले. गाव पोट धरून हसलं. मीही हसलो. काकूने बैलाच्या मानेत तोंड खुपसलं होतं, ते मला उशिरा दिसलं.

"मास्तर, मले वाटे, बैल माह्या मालकाचा फेटा पाहून चालतात," ती डोळे पुसत म्हणाली. "माहंच ऐकत होते हो ते."

पुढे ती नुसता पदर खोचून औतावर जाऊ लागली. फेटा उशाशी घडी करून ठेवला होता.

"इतके दिस तो बैलाइसाठी होता," ती म्हणाली. "आता माह्यासाठी हाये."